पिसांवरची बॅग

१

शिवतेजच्या जीपच्या मागच्या बाकाखालून साक्षीची बॅग निघाली आणि स्टँडवर भडका उडाला.

मी सयाजी, वडूजच्या वडाप स्टँडचा अध्यक्ष. दहा माणसांच्या जीपमध्ये पंधरा बसवून वर "जरा सरकून घ्या की ताई" म्हणणारी जी मंडळी असतात ना, ती आमची. अध्यक्षानं नंबर लावायचे, भांडणं सोडवायची आणि शिव्या खायच्या. शिव्या द्यायचं काम मात्र मी आवडीनं करतो.

त्या दिवशी मला शिवीसुद्धा सुचेना. साक्षी म्हणजे आमच्याच अर्जुनाची एकुलती एक पोरगी. अर्जुना माझ्या स्टँडवर जीप चालवतो. पोरगी यंदाच दहावीला चांगले मार्क घेऊन पास झाली. सकाळी मैत्रिणीकडं जाते म्हणून घरातून निघाली ती मैत्रिणीकडं पोचलीच नाही. फोन बंद. आई दारात बसून रडतेय, बाप गल्ली-गल्ली पालथी घालतोय, आणि स्टँडसमोरच्या ब्युटी पार्लरची संयोगिता सांगतेय, "मी साक्षीला शिवतेजच्या गाडीत बसताना पाहिलं हो!"

शिवतेज सकाळची साताऱ्याची फेरी करून नुकताच परतला होता. चोवीस-पंचवीसचं पोर, गाडीपेक्षा केसांची निगा जास्त राखणारं. आम्ही त्याची जीप तपासायला घेतली. मीच वाकलो, हात घातला, बॅग ओढली, बुडाला चिकटलेली पिसं झटकली आणि चेन उघडली. आत साक्षीची वही, कंगवा आणि ओढणी.

अर्जुनानं शिवतेजची कॉलर धरली. "कुटं सोडलीस माझ्या पोरीला? बोल! न्हाईतर जित्ता सोडत न्हाई!"

"दादा, आईची आन, मागं कोण बसलंच न्हवतं!"

"मी ह्या डोळ्यांनी पाहिलं," संयोगिता रुमालानं नाक पुसत म्हणाली. "मागच्या दारानं चढली. निळा ड्रेस होता."

दोन दिवसांपूर्वी शिवतेज साक्षीशी हसून बोलताना चौघांनी पाहिलेला. मग काय, प्रत्येकाच्या हाताला खाज सुटली. पोलीस बॅगेची बातमी कळताच साताऱ्याच्या रस्त्याला लागले होते, त्यामुळं अडवणारं कोणी नव्हतं. पहिली थप्पड बसली तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"ए! मागं सरा! पोरगी शोधायची हाय का पोराला मारायचंय? दोन्ही संगं व्हत न्हाई!"

नूरजहांबाई आल्या होत्या.

२

नूरजहांबाई मुजावर म्हणजे एसटीच्या रिटायर कंडक्टर. आयुष्य तिकिटं फाडण्यात गेलं, आणि आता एका संस्थेतर्फे ड्रायव्हर, रिक्षावाले, हमाल अशांना शिकवत फिरतात. विषय काय, तर पोरींना-पोरांना फूस लावून पळवून नेऊन विकणारे लोक गाडीत बसले तर ओळखायचे कसे. मागच्या आठवड्यात आमचा पहिला तास झाला. मी तेव्हाच म्हणालो होतो, "बाई, आमी माणसं कोंबतो, चोरत न्हाई. आमाला कशाला शिकवता?"

शेवटी आखाडाच्या मटणाचं आमिष दाखवलं तेव्हा ड्रायव्हर जमले. पुढं श्रावण, म्हणजे महिनाभर जिभेला उपास. मटणासाठी आमची पोरं इंग्रजीचाही तास ऐकतील. स्वयंपाक केला मनुबाईनं, जी स्टँडवर बांगड्यांचा गाडा लावते. वाढायला संयोगिता आली होती. ती सहा-सात महिन्यांपूर्वी मोठ्या शहरातून इथं येऊन राहिलेली, बोलायला गोड, कामाला पुढं.

बाईंनी खुणा सांगितल्या. पोरगी भेदरलेली असते. तिच्याऐवजी दुसराच बोलतो. हातात सामान नसतं. सोबतचा बाप्या नात्यातला वाटत नाही. संशय आला तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावा. आणि पहिली गोष्ट म्हणजे विचारा, कुठं निघालात?

झालं! सगळा हॉल उठला. सगळ्यांच्या पुढं नाथाजी. तो मिलिटरीतून रिटायर होऊन विट्याच्या लायनीला जीप चालवतो. "बाई, घरातनं निघालेल्या माणसाला 'कुटं' इचारलं की काम फिसकटतंय. आन भवानीच्या पॅसेंजरला तर बातच नगो. पैलंच गिऱ्हाईक, त्याला अपशकुन करायचा व्हय?"

"आवं, मग दुसरं काय बी इचारा," बाई हसून म्हणाल्या, "पर बोलतं करा."

आज दुसरा तास होता म्हणून त्या आल्या होत्या. आल्या त्या हा गोंधळ. त्यांनी शिवतेजला माझ्या टपरीवजा ऑफिसात बसवलं, अर्जुनाला पाणी पाजलं आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली. मी दाराशी उभा राहिलो.

संयोगिता रडत-रडतच आली. "माझ्याकडे यायची हो ती. मेंदी शिकायची. फार हुशार मुलगी. नर्स व्हायचं म्हणायची. पण वडील साताऱ्याला कॉलेजला पाठवायला तयार नव्हते. म्हणून पळाली असेल त्या शिवतेजबरोबर. मी दारात झाडत होते. ती आली, जीपच्या मागच्या बाकावर बसली, गाडी सुटली."

"मागचा पडदा वर हुता का खाली?" बाईंनी विचारलं.

"वर... नाही, खालीच होता. उचलून आत गेली ती."

मग मनुबाई. ती बांगड्यांचं टोपलं घेऊनच आली, कारण टोपलं सोडून ती देवळातही जात नाही. "मला काय ठावं बाई? म्या सकाळी उशिरा आले. लगीनसराई सरली, आखाडात धंदा थंडगार. आठवड्यात एक हिरवा चुडा खपला, त्यो बी ह्या पार्लरवालीनं नेला, काचंत मांडायला नमुना म्हून. पोरगी म्या बघितली न्हाई. पर सांगते, शिवतेज तसला न्हाई. केस इंचरतो, पर पोरगं सरळ हाय."

"बाई, येळ जातोय!" बाहेरून अर्जुना ओरडला. "साताऱ्यास्नं पुण्याला गेली तर मी कुटं हुडकू?"

नूरजहांबाई उठल्या. "सयाजीराव, चला. मला ती जीप बघायचीय. आन ती बॅग बी घ्या."

३

जीपचा मागचा पडदा मी वर केला आणि वास आला. कुबट, उग्र. मघाशी गर्दीत कोणाला भान नव्हतं. फळीवर, बाकाखाली, कोपऱ्यात सगळीकडं पांढरी-तांबडी पिसं चिकटलेली.

"बॅग कुणी काढली?"

"मीच की."

"बगा बरं आता नीट."

मी बॅग उलटीसुलटी केली. बुडाला दोन-चार पिसं अजून चिकटून होती, मी झटकूनही. वरचा भाग मात्र लख्ख. एक पीस नाही, एक डाग नाही.

बाईंनी शिवतेजला हाक मारली. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. "लेकरा, मागच्या बाकावर कोण बसलं हुतं?"

"कोणच न्हाई."

"खरंय. कारण मागं कोंबड्या हुत्या."

शिवतेजनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आता सांगतो, दोन महिन्यांपूर्वी एका मास्तरीणबाईंच्या साडीवर कोंबडी घाण करून गेली तेव्हापासून मी स्टँडवर नियम केलाय. पॅसेंजरच्या गाडीत कोंबड्या भरल्या तर महिनाभर नंबर कापणार. नंबर कापला म्हणजे गाडी लायनीला लागायची नाही, माणूस घरी बसला.

"आखाडाची ऑर्डर हुती, अध्यक्ष," शिवतेज पुटपुटला. "साताऱ्याच्या हाटेलाची. पोल्ट्रीवरनंच पाट्या भरून पडदा पाडून स्टँडला आलो. मागं बाकावर पाट्या, खाली पाट्या. माणसं म्होरं आन मधल्या बाकावर घेतली. तुमी नंबर कापशीला म्हून बोललो न्हाई."

"अरे गाढवा! मार खाल्लास पर कोंबडी सांगितली न्हाईस?" मला हसावं का रडावं कळेना. "नंबर लय प्यारा झाला व्हय रं, जिवापरास?"

"सयाजीराव, शिव्या मागनं," बाई म्हणाल्या. "आधी ऐका. सकाळी मागं पाट्या गच्च. पोरगी बसायला जागाच न्हाई. बॅग आधीपासनं बाकाखाली असती, तर पाट्यांची घाण तिच्या वर पडली असती. पिसं बॅगंच्या खाली हायती. म्हंजे आधी पिसं पडली, मग बॅग आली. पाट्या कुटं उतरल्या?"

"साताऱ्यात."

"परत येताना मागं कोण बसलं?"

"वासानं कोण चढंना. रिकामीच आणली. मधी थांबलो बी न्हाई. हितं आल्यावर हात धुवायला नळावर गेलो तेवढंच."

गणित माझ्याही डोक्यात बसलं होतं. साक्षी साताऱ्याच्या गाडीत बसलीच नव्हती. पोलीस, तिची मामेभावंडं, आमची निम्मी पोरं, सगळे चुकीच्या रस्त्यानं धावत होते. आणि त्यांना तिकडं धाडणारं माणूस शिवतेज नळावर गेला तेवढ्या वेळात इथं, आमच्या नाकासमोर, बॅग ठेवून गेलं होतं.

"म्हंजे ती पार्लरवाली..." मी सुरुवात केली.

बाईंनी माझं मनगट धरलं. "श्श. ती खोटं बोलली एवढंच कळलंय. पोरगी कुटं हाय ते कुटं कळलंय? आत्ता तिला हटकलं तर ती म्होरच्याला सावध करंल. सकाळी ह्या स्टँडवरनं दुसरी गाडी कुठली सुटली?"

"नाथाजीची. विट्याची."

४

नाथाजी विट्याहून परत आला तो ताठ मानेनं. साक्षीची बातमी त्याला फोनवर कळली होती. "बाई, तुमी शिकिवल्यापासनं मी डोळ्यांत तेल घालून हाय. माझ्या गाडीत संशयाचं काय बी न्हवतं. पोरगी न्हाई, परका बाप्या न्हाई, रडणं न्हाई."

"संशयाचं सोडा. साधं काय हुतं ते सांगा. कोण-कोण बसलं?"

मनुबाईनं सगळ्यांना चहा आणून दिला. अर्जुना कप हातात धरून नुसता उभा होता.

"साधं म्हंजी... भवानीला एक नवी नवरी आन तिची मावशी. हिरवा चुडा, ओटीत नारळ, तोंडावर पदर. नव्या नवरीच्या तोंडाकडं आमी बघत न्हाई. पर खुशीत हुती हो! मावशीच्या कानाला लागून सारखी हसत हुती. मग दोघं जण मायणीच्या बाजाराचे. मायणीला एक म्हातारी चढली. तिनं नवरीला इचारलं, कुणाची गं लेक तू? तर मावशी म्हणली, माझी भाची हाय, सासरी सांगलीला पोचवायला चाललोय. म्हातारीनं नुसती मान डोलावली. विट्याला सगळी उतरली. हाय का त्यात काय?"

नूरजहांबाईंचा कप ओठांशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. "नाथाजी, आज म्हैना कुठला?"

"आखाड. का?"

"आन आखाडात नवी नवरी सासरी जाती?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल: लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवरी सासरी राहत नाही. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, पोरगी माहेरी येते, आई तळण करून खाऊ घालते, आणि आखाड सरल्यावर ती परत जाते. सासू कितीही खवट असली तरी ह्या महिन्यात सुनेला अडवत नाही.

"आखाडात माझी एसटी नव्या लगीन झालेल्या पोरींनी भरून जायाची," बाई म्हणाल्या. "संगं मुराळी, हातात डबं, खिदळत माहेराला निघालेल्या. उलट्या दिशेनं जाणारी एक कवा बघितली न्हाई मी. नाथाजी, तुमी निघतानाच कुटं म्हून इचारलं असतं तर सांगली-सासर तितंच कानावर आलं असतं. पर तुमी भवानी जपली."

"म्हातारी बी गप बसली की..." नाथाजीचा आवाज चिरकला. "माझ्याच गाडीत. माझ्या मागच्या शिटावर. हासत हुती हो ती!"

"व्हय. तीच माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "मी तुमाला भेदरलेली पोरगी बगा म्हून सांगितलं. ज्या पोरीला वाटतंय की आपलं भलं व्हणाराय, ती कशाला रडंल?"

अर्जुनाच्या हातातला कप खाली पडून फुटला. "बाई, सांगली म्हंजे म्होरं मिरज. मिरजेची रेल्वे."

"म्हून तर घाई हाय. मिरजेला गाडीत चढली तर देश लय मोठा हाय."

समोर पार्लरचं शटर खाली येत होतं. संयोगिता पर्स खांद्याला लावून निघाली होती.

५

बाई धावल्या नाहीत. सरळ रस्ता ओलांडून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. आम्ही मागं.

"लांब निघालीस?"

"साताऱ्याला. साक्षीला शोधायला मदत करते."

"पोरी, मी मागच्या आठवड्यात शिकिवलं की पोरगी भेदरलेली असती, ही खुशीत हुती. बाप्या परका असतो. संगं मावशी धाडली. सामान नसतं, ओटीत नारळ दिला. माझा धडा ऐकून कुणीतरी नेमकी उलटी तयारी केली. त्या तासाला ड्रायव्हर सोडून दोघीच हुत्या, तू आन मनुबाई. मनुबाई आयुष्यभर ह्या मुलखात बांगड्या भरती. ती आखाडात नवरीला सासरी धाडंल का?"

"तोंडात किडं पडतील माझ्या!" मनुबाई म्हणाली.

"ही चूक बाहेरच्या माणसाचीच. हिरवा चुडा तू नेलास. काचंत नमुना कुटं दिसंना. साक्षीला मागच्या बाकावर बसताना तू बघितलंस, पर तितं बाकावर बी आन खाली बी कोंबड्या हुत्या."

संयोगिताचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "काय पुरावा आहे? कोण तुम्ही?" असं म्हणत तिनं पर्समधून फोन काढला. बटण दाबायच्या आत मनुबाईनं टोपलं खाली ठेवून तिचा हात असा पकडला की स्वतःच्याच हातातल्या काचेच्या बांगड्या फुटल्या. जन्मात पहिल्यांदा त्या बाईनं टोपलं सोडलं! "फोन आण गं हिकडं. पोलीस येस्तोवर आमच्यापशी बसायचं. च्या पाजते." स्टँडवरच्या बायांनी तिला मधे घेतलं. कोणी बोट लावलं नाही, पण ती हलू शकली नाही.

बाईंनी पोलिसांना आणि १०९८ ला फोन केला. मग आमच्या ग्रुपवर, विट्याच्या, तासगावच्या, सांगलीच्या ग्रुपवर त्यांचा आवाज गेला. त्यांनी शिकवलेली सगळी माणसं त्या ग्रुपांवर होती. "रडकी पोरगी बघू नका. नवी नवरी बगा. हिरवा चुडा, संगं मोठी बाई, खुशीत असंल. 'कुटं' इचारू नका. 'आखाडाला म्हायेरी निघालीस का' म्हून इचारा. 'न्हाई, सासरी' म्हणली की सोडू नका, पर दांडगाई बी करू नका."

विट्याहून लगेच उत्तर आलं. दोघी खानावळीत जेवल्या, बराच वेळ बसल्या आणि तासगावच्या जीपनं गेल्या. म्हणजे अजून वाटेत असतील!

अर्जुनाची जीप गल्लीत अडकलेली होती. शिवतेजनं स्वतःच्या जीपचं दार उघडलं. सुजलेल्या गालानं म्हणाला, "बसा दादा. वास येतोय गाडीला."

अर्जुना त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. आम्ही बसलो. वास यायचा तो येतच होता, पण कोणी काच उघडा म्हणालं नाही.

६

तासगाव सोडलं आणि बाईंचा फोन वाजला. सांगलीचा रिक्षावाला अफताब होता.

"आपा, घावल्या! एसटी स्टँडवरनं माझ्याच रिक्षात बसल्या. मी सहज इचारलं, आखाडाला म्हायेरी का? तर मोठी बाई म्हणती, न्हाई भाऊ, सासरी, कुपवाडला सोड. मी गॅस संपला म्हून आमच्या थांब्यावरच गाडी उभी केलीय. पोरं भोवती हायती, लेडीज पोलीस बी आल्यात. पर आपा, पोरगीच आमच्याशी भांडाय लागलीय!"

आम्ही पोचलो तेव्हा साक्षी खरंच भांडत होती. नवरीच्या लुगड्यात, पदर कमरेला खोचून. "मी माझ्या मर्जीनं चाललीय! मला नर्सिंगला ॲडमिशन मिळालंय! फी न्हाई, वर पगार! संयोगिताताईनं करून दिलंय!" नवरीचं सोंगही तिनं पार्लरमध्येच, बॅग तिथं ठेवून, आनंदानं घेतलं होतं, कारण स्टँडवरचा प्रत्येक ड्रायव्हर बापाला लगेच कळवेल हे तिला माहीत होतं.

पोलीस मॅडमनी त्या मावशीच्या फोनवरचे निरोप तिला वाचून दाखवले. त्यात नर्सिंग नव्हतं. संध्याकाळची मिरजेची गाडी होती, आणि पुढं एका शहरात पोरींना कोणाच्या ताब्यात द्यायचं ते होतं. साक्षीनं ऐकलं. हळूहळू ती रिक्षाच्या पायरीवर बसली.

अर्जुना पुढं झाला. ती दचकली. "पप्पा, मारणार?"

"न्हाई गं." आणि तो ढसाढसा रडला. एवढा दांडगा गडी, भर रस्त्यात.

"मग घरात कोंडून ठेवणार?"

अर्जुनानं तिचं मनगट धरलं, घट्ट. साक्षी बापाच्या हाताकडं बघत राहिली. मग पोलीस मॅडमकडं वळली. "कुपवाडला आणखी दोघी हायती. मावशीनं फोनवर बोलणं करून दिलं हुतं. एकीचं नाव सोनिया. त्या बी नर्सिंगलाच चालल्यात."

पत्ता मावशीनं रिक्षात बसतानाच अफताबला सांगितला होता. कारखान्यांच्या मागं, एका बंद वर्कशॉपच्या माडीवरची खोली. पोलिसांच्या गाडीमागून आम्ही गेलो. माडीचा जिना बाहेरून होता. मॅडमनी दार वाजवलं, "पोलीस, दार उघडा." आतून कडी. चाहूल लागत होती, पण कोणी उघडेना. राखणीला खाली बसलेला माणूस पोलिसांनी धरला होता, तो म्हणाला, "पोरींना सांगितलंय, पोलीस आले तर तुम्हालाच धरतील म्हून."

"दार तोडलं तर घाबरून मागच्या खिडकीतनं उड्या टाकतील," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "खाली सगळं लोखंड पडलंय."

"मी बोलू?" साक्षी म्हणाली. "माझा आवाज त्यांच्या वळखीचा हाय."

"न्हाई," अर्जुना म्हणाला. मनगट सोडलं नाही. "बास झालं. घरी चल."

मला त्याचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. साक्षीनं हात ओढला नाही. ती बापाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. वर खोलीत कोणीतरी हुंदका दिला, तो खालपर्यंत ऐकू आला.

अर्जुनाची बोटं सुटली.

"जा," तो म्हणाला. "मी हितं उभा हाय."

ती जिना चढली. मॅडम तिच्या शेजारी. दाराला तोंड लावून ती म्हणाली, "सोनिया, मी साक्षी. सकाळी बोललो की आपण. अगं, नर्सिंग-बिर्सिंग काय न्हाई. मला बी फसिवलं. पोलीस तुला धरायला न्हाई आल्या, घरी सोडायला आल्यात. माझे पप्पा बी आल्यात."

मग आतून एक बारीक आवाज आला. "तुझे पप्पा वरडले का गं?"

साक्षीनं वळून खाली बापाकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. अर्जुना जिन्याच्या तळाशी उभा होता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि त्या कधी न पाहिलेल्या पोरीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "न्हाई पोरी, वरडलो न्हाई. तिला साताऱ्याच्या कॉलेजात घालणार हाय. हॉस्टेलला ठेवणार हाय. उघड गं दार."

साक्षीनं कठडा घट्ट धरला. आणि आतून कडी निघाली.